व्हीआर लॅबला चष्मे मिळाले, आता माणूसही द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी आपल्या पेपरात एका युनिव्हर्सिटीत व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी लॅबचं उद्घाटन झाल्याची बातमी आली होती. फोटोत पाहुणे चष्मा लावून हवेत हात फिरवताना दिसत होते आणि खाली लिहिलं होतं की आता विद्यार्थ्यांना विज्ञान प्रत्यक्ष अनुभवता येणार. वाचून आनंद झाला, खरंच झाला. पण एवढ्या मोठ्या बातमीत त्या लॅबमध्ये बघणार काय आणि ते तयार करणार कोण हे कुठेच नव्हतं. चष्मे किती आले, कुणाच्या हस्ते फीत कापली, कोण कोण उपस्थित होतं, सगळं होतं, फक्त तेवढंच नव्हतं. म्हणून हे पत्र. जागा कमी असेल तर बिनधास्त काटछाट करा, पण माणूस नेमण्याबद्दल जे लिहिलंय ते तेवढं ठेवा.

मी कराडच्या बाजूला एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीत संशोधनाला होते आणि तिथे भूगर्भशास्त्रवाल्यांची स्वतःची एक व्हीआर खोली होती, केककेव्ह्ज नावाची, त्यामुळे हा प्रकार जवळून बघितलेला आहे.

आपल्याकडे व्हीआर म्हटलं की नवीन काहीतरी, गेमवाल्यांचं काहीतरी असं वाटतं, पण विज्ञानासाठी ही गोष्ट तीस वर्षांपेक्षा जुनी आहे. १९९२ साली शिकागोत कॉम्प्युटर ग्राफिक्सची सिग्राफ ही मोठी परिषद भरली होती, तिथे इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या शिकागो कॅम्पसमधल्या इलेक्ट्रॉनिक व्हिज्युअलायझेशन लॅबने एक खोली उभी केली, साधारण दहा फूट बाय दहा फूट, भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरने चित्र टाकलेलं, आत उभ्या माणसाच्या डोळ्यांवर हलका चष्मा. तिला नाव दिलं केव्ह. कॅरोलिना क्रूझ-नेरा तेव्हा पीएचडीची विद्यार्थिनी होती, तिच्याबरोबर टॉम डिफँटी आणि डॅन सँडिन. यातले सँडिन हे आर्टवाले, व्हिडिओ आर्ट करणारे, आणि डिफँटी कॉम्प्युटरवाले, दोघांनी मिळून ती लॅब १९७३ मध्येच सुरू केली होती. म्हणजे खोली उभी राहायच्या आधी जवळजवळ वीस वर्षं माणसं एकत्र काम करत होती. आपल्याकडे नेमका हाच क्रम उलटा होतो, आधी खोली, मग फर्निचर, मग एसी, आणि माणूस शेवटी, तोही तासिका तत्त्वावर.

त्याच लॅबने २०१२ मध्ये केव्हची पुढची आवृत्ती केली, त्यात प्रोजेक्टर काढून ७२ एलसीडी पॅनल गोलाकार लावले, माणसाच्या भोवती ३२० अंश. ब्राऊन युनिव्हर्सिटीने २०१५ मध्ये यर्ट नावाचं थिएटर उभं केलं, त्याला ६९ प्रोजेक्टर. कॅलिफोर्नियातल्याच सांता बार्बराच्या युनिव्हर्सिटीत तर तीन मजली उंच गोल आहे, मधून पूल जातो आणि पुलावर उभं राहून भोवतीने डेटा बघायचा. हे सगळं आपल्याला परवडणार नाही आणि परवडायची गरजही नाही, पण यातली एकही जागा कुणी चष्मे विकत घेऊन सुरू केलेली नाही हे सांगायचंय.

आता डेव्हिसचं सांगते कारण ते मला माहितीय. तिथली खोली काही जगातली सगळ्यात मोठी वगैरे नव्हती. तीन भिंती आणि जमीन, बस. जमिनीवरही चित्र पडतं म्हणून तिथे बाहेरच्या बुटांनी आत फिरायचं नाही. डोळ्यावर चष्मा, तो एकदा डावा डोळा झाकतो एकदा उजवा, इतक्या भरभर की आपल्याला कळत नाही, आणि प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र मिळतं म्हणून खोली दिसते. पण खरी गंमत त्यात नाहीये, थ्रीडी सिनेमातही तेवढं असतं. खरी गोष्ट ही की तुमचं डोकं कुठे आहे त्याचा माग सतत घेतला जातो आणि तुम्ही वाकलात, बाजूला झालात, गुडघ्यावर बसून खालून वर बघितलंत की चित्र त्या जागेवरून जसं दिसायला हवं तसं त्याच क्षणी नव्याने काढलं जातं. भिंतीचा कोपरा असा राहतच नाही डोळ्यासमोर. माग एकाच माणसाच्या डोक्याचा घेतात, बाकीच्यांना थोडं वाकडं दिसतं, पण चार जण एकाच वेळी एकाच दगडाकडे बोट दाखवून भांडू शकतात हे महत्त्वाचं.

एक उदाहरण देते. ४ एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, एल मायोर-कुकापा म्हणतात त्याला. डेव्हिसचे मायकेल ऑस्किन आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी काही महिन्यांत विमानातून लायडारने तो पट्टा मोजून घेतला, म्हणजे लेसरचे ठोके खाली मारायचे आणि ते परत यायला किती वेळ लागला त्यावरून जमिनीची उंची काढायची, त्यातून कोट्यवधी बिंदू मिळतात. नशिबाने मेक्सिको सरकारने २००६ मध्येच तोच भाग लायडारने मोजून ठेवला होता. त्यामुळे भूकंपाच्या आधीची जमीन आणि नंतरची जमीन दोन्ही हातात. एक वजा दुसरी केली की कुठली जमीन किती उचलली, किती खचली ते उघडं पडतं. यातून दिसलं काय, तर एक मोठा फॉल्ट, म्हणजे खडकातली सरकणारी भेग, सरकला असं झालेलंच नव्हतं, सात लहान लहान फॉल्ट एकाला एक जोडले जाऊन तेवढा मोठा भूकंप झाला. ही गोष्ट साधी नाही, कारण लहान फॉल्टकडे बघून आपण म्हणतो की हा मोठा भूकंप करू शकणार नाही, आणि इथे सगळ्यांनी मिळून केला. २०१२ मध्ये सायन्स या नियतकालिकात त्यावर शोधनिबंध आला.

तो डेटा केव्हमध्ये उघडला की तुम्ही त्या वाळवंटात उभे. पायाशी फुटलेली जमीन, एक बाजू वर एक खाली, मधली पायरी तुमच्या गुडघ्याएवढी की कमरेएवढी ते वाकून बघायचं. हातात एक काडीसारखं यंत्र असतं, त्याने फुटलेल्या कडेवरचे बिंदू निवडायचे, प्रोग्राम त्यातून एक सपाट प्रतल बसवून देतो आणि डिप, स्ट्राइक, म्हणजे ते प्रतल किती कललंय आणि कुठल्या दिशेने जातंय, ते हातात. फिल्डवर जे काम कंपास घेऊन उन्हात करतो तेच, फक्त जिथे चढता येत नाही, जिथे परत जाता येत नाही अशा जागी. आणि एक सांगते, त्याच डेटात चुका पण दिसतात. झाडाचा शेंडा जमीन म्हणून मोजला गेलाय, विमानाच्या दोन फेऱ्या नीट जुळल्या नाहीत, मध्ये पायरी आल्यासारखी दिसतेय, ती खरी नाही, हे स्क्रीनवर तासन्‌तास बघून लक्षात येत नाही ते आत उभं राहिल्यावर चटकन खुपतं.

हे सगळं चालायचं एका सॉफ्टवेअरवर, ते लिहिलं ऑलिव्हर क्रेलोस यांनी. ते कॉम्प्युटरवाले. केककेव्ह्जच्या पहिल्या संचालक लुईस केलॉग, त्या पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींवर काम करणाऱ्या भूभौतिकशास्त्रज्ञ, २०१९ मध्ये त्या गेल्या. डॉन समनर या भूगर्भशास्त्रज्ञ मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या टीममध्ये होत्या, त्यांचं मंगळाच्या जमिनीवरचं काम आणि अंटार्क्टिकातल्या बर्फाखालच्या तळ्यांमधल्या सूक्ष्मजीवांच्या थरांचं काम, दोन्हीला ती खोली वापरली गेली. आता बघा, एका बाजूला प्रश्न घेऊन येणारे शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला त्या प्रश्नासाठी प्रोग्राम लिहिणारा माणूस, आणि दोघं एकाच संस्थेत, रोज भेटणारे. शास्त्रज्ञ म्हणाला मला या थरातून आडवा छेद घेऊन बघायचाय, तर प्रोग्रामवाल्याला आधी विचारता येतं की छेद कशासाठी, आणि मग तो असं काहीतरी करून देतो जे शास्त्रज्ञाला मागायला सुचलंच नसतं. टेंडरमध्ये हे बसत नाही. कंपनीचा इंजिनीअर इन्स्टॉलेशन करून जातो, वर्षातून एकदा देखभालीच्या करारापुरता (एएमसी) येतो, त्याला भूकंपाशी काय देणंघेणं.

आणखी एक. ते सॉफ्टवेअर असं लिहिलंय की तोच प्रोग्राम केव्हमध्ये चालतो, डोक्यावरच्या चष्म्यात चालतो आणि साध्या लॅपटॉपवरही चालतो. २०१६ नंतर डोक्यावर घालायचे चष्मे बरेच स्वस्त झाले, मोठ्या खोल्यांचं महत्त्व कमी झालं, पण ज्यांनी सॉफ्टवेअर आणि माणसं जपली त्यांचं काम थांबलं नाही. मशीन पाच-सात वर्षांत भंगारात जातं. आपण मात्र ग्रँटचा सगळा पैसा मशीनवर लावतो कारण मशीन डेड स्टॉक रजिस्टरला चढवता येतं, माणसाचा पगार कुठल्या हेडखाली टाकायचा हा प्रश्न पडतो.

आता आपल्याकडचं बोलते. कुठल्या कॉलेजात ते सांगत नाही, पण एका ठिकाणी मी गेले होते तेव्हा मला मोठ्या कौतुकाने कपाट उघडून दाखवलं. आत चष्मे ओळीने, काहींवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, चार्जरचा गुंता एका खोक्यात. मार्चएंडच्या आत पैसे खर्च करायचे होते म्हणून घाईत घेतले, मग कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या कमिटीला दाखवले, आणि मग कपाट. मुलांना दिले तर फुटतील, फुटले तर वसुली कोणाकडून, म्हणून किल्ली ऑफिसात. लॅब असिस्टंट कंत्राटी, त्याचं कंत्राट संपलं, नवीन आलेला नाही. त्या चष्म्यांमध्ये कंपनीने भरून दिलेलं होतं ते म्हणजे धडधडणारं हृदय, डायनोसॉर आणि सूर्यमालेची फेरी. मुलं एकदा बघतात, वा म्हणतात, संपलं. त्यात त्यांचा डेटा नाही, त्यांचा प्रश्न नाही, त्यात चूक शोधायला जागा नाही. ते दाखवायला हरकत नाही, पण त्याला सायंटिफिक व्हिज्युअलायझेशन म्हणू नका. यात कॉलेजच्या लोकांचा दोष मी देत नाही, त्यांना जे मिळालं ते त्यांनी सांभाळून ठेवलं, पण योजना आखणाऱ्याने माणसाचा विचारच केला नव्हता.

आणि आपल्याकडे बघण्यासारखं काही नाही असं कोणी म्हणू नये. माझ्या घरापासून जवळच कोयना आहे. १९६२ मध्ये धरणात पाणी भरायला लागलं तेव्हापासून भूकंप सुरू झाले, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा मोठा भूकंप झाला, आणि आजही साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात हादरे चालूच आहेत. धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांचं जगातलं हे सगळ्यात अभ्यासलेलं ठिकाण म्हटलं तरी चालेल. गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय, वरचा साधारण सव्वा किलोमीटर आपला काळा बेसाल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइट. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची भूभौतिक प्रयोगशाळा आहे. भूकंप जमिनीखाली जिथून सुरू होतो ती नाभी, अशा हजारो नाभींच्या जागा नोंदलेल्या आहेत, प्रत्येकीचे अक्षांश, रेखांश आणि खोली.

आता हे विद्यार्थ्याला फळ्यावर कसं दाखवायचं सांगा. नकाशावर टाकलं तर खोली जाते, छेद काढला तर रुंदी जाते. मुलं दोन चित्रं शेजारी ठेवून डोक्यात जोडायचा प्रयत्न करतात आणि बहुतेकांना ते जमत नाही, पाठ करून परीक्षेला लिहितात. तेच चष्म्यात घातलं तर बरणीत मोहरी हवेत थांबल्यासारखे बिंदू, भोवतीने चालत जायचं, आणि एका कोपऱ्यात आल्यावर अचानक ते बिंदू एका रेषेत दिसतात, म्हणजे त्या बाजूने आपण फॉल्टच्या प्रतलाच्या कडेवर उभे आहोत. पुन्हा एक पाऊल पुढे गेलं की ते पसरतात. एकदा असं सापडलं की फॉल्ट म्हणजे काय ते मुलगी आयुष्यात विसरणार नाही. वर धरणाचं पाणी, पाण्याची पातळी महिन्यामागून महिना खालीवर होतेय आणि खाली बिंदू पेटतायत, हे वेळेप्रमाणे चालवून बघता येईल. हे करायला शिकागोची खोली लागत नाही. एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डचा कॉम्प्युटर, एकदोन चष्मे, आणि प्रोग्राम लिहिणारा एक पूर्णवेळ माणूस.

दरडींचं तर बोलायलाच नको. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. ड्रोनने, लायडारने डोंगरउतार मोजून घेणं आता पूर्वीइतकं अवघड नाही. पण तो डेटा रिपोर्टात रंगीत नकाशा होऊन राहतो, आणि गावातल्या माणसाला लाल पट्टा म्हणजे काय ते कळत नाही, खरं सांगायचं तर बऱ्याच अधिकाऱ्यांनाही समोच्च रेषा, म्हणजे नकाशावरच्या सारख्या उंचीच्या रेषा, वाचता येत नाहीत. त्यांना त्यांच्याच गावाच्या वरच्या उतारावर उभं करून खाली त्यांची घरं दाखवता आली, भेग कुठून कुठे गेलीय ते दाखवता आलं, तर निर्णय वेगळे होतील असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक गोष्टीला व्हीआर लागत नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. पावसाची आकडेवारी आलेखावर उत्तम कळते, त्यासाठी चष्मा घालून चक्कर येऊ द्यायची गरज नाही. चक्कर येते, काहींना फार येते, डोकं हललं आणि चित्र मागे राहिलं की पोटात ढवळतं, चष्म्याच्या भिंगांमधलं अंतर प्रत्येकाच्या डोळ्यांप्रमाणे बदलावं लागतं आणि ते बदलून देणारं कोणी नसलं की मुलं दोन मिनिटांत चष्मा काढतात. जिथे गोष्ट मुळातच तीन मितींची आहे, आतबाहेर गुंतलेली आहे, तिथेच याचा उपयोग, म्हणजे भूकंप, खडकाचे थर, प्रोटीनची घडी, वादळातलं वारं. प्रोटीनवाल्यांसाठी कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सॅन फ्रान्सिस्को कॅम्पसने कायमेराएक्स नावाचं सॉफ्टवेअर केलंय, शिक्षणासाठी फुकट आहे, व्हीआर चष्म्यावर चालतं, आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी शोधलेल्या प्रोटीनच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत सगळ्यांना खुल्या आहेत. बायोलॉजीच्या शिक्षकांनी उद्यापासून वापरावं.

आणि ज्या कॉलेजला चष्मेही परवडत नाहीत त्यांच्यासाठी डेव्हिसच्याच क्रेलोस यांनी केलेली एक गोष्ट आहे, वाळूची पेटी. २०१० मध्ये गेमसाठी किनेक्ट नावाचा कॅमेरा बाजारात आला, तो समोरच्या वस्तूचं अंतर मोजतो. क्रेलोसनी तो वाळूच्या पेटीवर उलटा टांगला, शेजारी प्रोजेक्टर. वाळू हाताने उचलून डोंगर केला की त्यावर लगेच रंग आणि समोच्च रेषा पडतात, खणलं की निळं तळं. वाळूवर तळहात पसरून धरला की हाताखाली पाऊस पडतो, आणि पाणी उतारावरून खरंच खाली वाहत जातं, दरीत साठतं, मधला बांध बोटाने फोडला की पलीकडे जातं. ते नुसतं चित्र नसतं, पाणी कसं वाहतं याचं गणित आत चालू असतं. मूळ कल्पना चेक देशातल्या काही संशोधकांकडून मिळाली असं ते स्वतः सांगतात. सॉफ्टवेअर मोफत, पेटी कशी बनवायची ते खुलं, आज कितीतरी देशांतल्या म्युझियममध्ये आणि शाळांमध्ये अशा पेट्या आहेत. समोच्च रेषा जवळजवळ म्हणजे चढ तीव्र, हे वाक्य आमची मुलं नववीपासून घोकतात, इथे हात घातला की कळतं. किनेक्ट आता बनत नाही, जुना शोधावा लागतो, पण मिळतो.

म्हणून माझी युनिव्हर्सिटीवाल्यांना, शिक्षण खात्याला आणि आपल्यामार्फत सगळ्यांनाच विनंती आहे की व्हीआर लॅबचा प्रस्ताव आला की त्यात पहिल्या पानावर प्रश्न मागा, कोणत्या विभागाचा कोणता डेटा बघायचाय, तो कोणाकडे आहे, तो द्यायला ते तयार आहेत का. दुसऱ्या पानावर माणूस, निदान पाच वर्षांसाठी, पूर्णवेळ, नीट पगारावर, विभागात बसणारा. चष्म्यांची यादी त्यानंतर करा आणि थोडेच घ्या, पुढच्या वर्षी चांगले येतात. किल्ली ऑफिसात ठेवू नका, फुटलं तर मुलाकडून वसूल करू नका. एका युनिव्हर्सिटीत एक माणूस असला तरी आजूबाजूच्या दहा कॉलेजांचा डेटा तो बघेल, कारण काम शेवटी प्रोग्रामचं आहे आणि प्रोग्राम पेनड्राइव्हवर जातो.

पुण्याला तर हे आधी व्हायला हवं. तिथे हवामानाची मोठी गणितं करणारा सुपरकॉम्प्युटर आहे, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना रात्रंदिवस आकाशातला डेटा गोळा करतायत, सीडॅकने परम हा सुपरकॉम्प्युटर बनवला त्याला ३० वर्षांच्या वर झाली. गणित करायची एवढी ताकद ज्या शहरात आहे तिथल्या बीएस्सीच्या मुलाला त्या गणिताच्या आत जाऊन उभं राहता आलं पाहिजे.

आणि आपल्या पेपरकडून एक हवंय. उद्घाटन झालेल्या त्या लॅबमध्ये सहा महिन्यांनी रिपोर्टरला पुन्हा पाठवा आणि तिथे कोणी कोणता डेटा बघितला ते छापा. कोयनेच्या नोंदी बघायच्या असं कोणी ठरवलं तर आमच्या कॉलेजची मुलं घेऊन यायची, डेटा साफ करायला बसायची तयारी आहे, रविवारी सुद्धा.

आपली एक वाचक,
कराड, जि. सातारा